गिनीपिगांची खांदशेकणी

खाज म्हणजे काय, हे ज्याला ती कधी आली नाही त्याने मला सांगू नये. दुखणाऱ्या माणसाजवळ लोक बसतात, कपाळावर हात ठेवतात, चहा करून देतात. खाजवणाऱ्या माणसापासून लोक सरकून बसतात. मी अल्लीपूरचा, शेतकऱ्याच्या घरचा. मी जन्मलो तोच खाजवत, असं माझी आई म्हणायची. कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे, मानेवर कातडी कोरडी, लाल आणि जाडसर असायची. हिवाळ्यात तिला भेगा पडून पाणी सुटायचं. तो इसब होता, पण गावाला ती खरूज वाटायची, आणि खरूज म्हणजे लागट. लग्नाकार्यात पंगत बसली की मला अगदी टोकाला, दोन माणसांची जागा सोडून बसवत. पत्रावळ हातात कोणी देत नसे, जमिनीवरून सरकवत. वाढणारा वरणाचं ओगराळं असं उंच धरायचा की अर्धं वरण माझ्या मांडीवर सांडायचं. माझ्या नाकावर जो राग आहे तो तेव्हापासूनचा आहे, उगीच आलेला नाही.

उपाय काही कमी झाले नाहीत. कडुनिंबाचा पाला झाला, गंधक झालं, बाजारातल्या वैदूची काळी मलमं झाली. उपाय फसला की दोष माझ्यावर यायचा. "थो खाजवते म्हणून बरं होत नाई," असं घरचे, दारचे, शाळेतले गुरुजी, सगळे म्हणायचे. मलम चुकीचं असू शकतं हे कोणाच्या डोक्यात येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते या एका वाक्यापायी केलं.

मॅट्रिक झालो. शेती थोरल्या भावाने सांभाळली. सत्तर सालानंतर चार-दोन वर्षांत मला जिल्ह्यातल्याच एका मेडिकल कॉलेजात नोकरी लागली. कॉलेजचं नाव घेत नाही. काम होतं अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या लांबोळक्या, पत्र्याच्या खोलीत. वास फार, म्हणून तिथे कोणी टिकत नव्हतं. मी टिकलो, कारण ससे, उंदीर आणि गिनीपिग यांची माझ्या कातडीबद्दल काही तक्रार नव्हती. आरामशीनवरून भुसा आणायचा, पिंजरे धुवायचे, हरभरे भिजवायचे, गिनीपिगांना कोबीची पानं आणि हिरवा चारा टाकायचा. बादलीची कडी वाजली की खोलीभर त्यांच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. घरी बायकोसुद्धा माझी अशी वाट पाहत नव्हती, हे मी तिला बोलून दाखवलं आणि दोन दिवस भाजीत मीठ जास्त खाल्लं.

तिथे काही वर्षं गेल्यावर मॅडम आल्या. अमरावतीच्या, शिक्षकांच्या घरातल्या, आमच्या विभागात एम.डी. करायला आलेल्या. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीशी उभा राहून कोपर खाजवत होतो आणि त्या आत आल्या. मी हात मागे घेतला. त्यांनी तो पुढे ओढला, उजेडात धरला आणि कातडीवरून अंगठा फिरवला. आईनंतर माझ्या कोपराला कोणी हात लावला नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती तरी मी बायकोला तिथे हात लावू देत नसे.

"किती वर्षांपासून?" त्यांनी विचारलं.

"जल्मापासून."

"घरात कोणाला दमा?"

"आईले होता."

मग त्यांनी त्या रोगाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, अ‍ॅटोपिक डर्मटायटिस, आणि म्हणाल्या, "हा लागट नाही, भाऊ. कोणाला कधीच लागला नसता."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डोक्यात तिडीक गेली. लहानपणापासूनच्या त्या सगळ्या पंगती, ती दोन माणसांची मोकळी जागा, ते उंच धरलेलं ओगराळं, सगळं फुकटच होतं म्हणा की. मी भुशाचं पोतं उचललं आणि बाहेर गेलो. मॅडमना वाटलं हा माणूस उद्धट आहे. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

त्यांचा थिसिस नेमका याच विषयावर निघाला. गिनीपिगाच्या मानेवरचे केस कापायचे, तिथे काही दिवस एका रसायनाचे थेंब सोडायचे. त्याने कातडी लाल होते, सुकते, सुजते आणि जनावर मागच्या पायाने खाजवू लागतं. मग अर्ध्यांना औषधाचं मलम आणि अर्ध्यांना दिसायला तसंच, पण औषध नसलेलं साधं मलम लावायचं. कोणतं मलम कोणाला ते आमच्या विभागप्रमुख सरांनी एका लिफाफ्यात बंद करून कपाटात ठेवायचं, म्हणजे मोजणाऱ्याचं मन कुठे झुकणार नाही. सूज मोजायला उपकरण होतं. खाज मोजायला काहीच नव्हतं. समोर बसायचं, अर्धा तास डोळे लावायचे आणि जनावर किती वेळा खाजवतं ते मोजायचं.

मॅडम कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. दोन दिवस पाहिलं आणि मला राहवलं नाही.

"मॅडम, तुमी खाली पाहून रेघ मारता, तेवढ्यात ते खाजवून मोकळं होते."

"मग काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी घरून चिंचोके आणले. खाकी पँटच्या डाव्या खिशात मूठभर चिंचोके. जनावराने खाजवलं की एक चिंचोका उजव्या खिशात. नजर हलवायची गरज नाही, आकडा मनात धरायची गरज नाही. अर्ध्या तासाने उजवा खिसा रिकामा करायचा आणि मोजायचं. आपलाच आकडा आपल्याला आधी कळत नाही, म्हणून तो फिरवताही येत नाही.

मॅडमना आणखी एक अडचण होती, एकदा खाजवलं म्हणजे किती? मागचा पाय क्षणात पाच-सहा वेळा हलतो. ते मी ठरवलं. पाय उचलल्यापासून खाली टेकेपर्यंत एक, मधे कितीही वेळा हलू दे. पुढच्या पायांनी तोंड पुसणं, अंग चाटणं, हे धरायचं नाही, ती साफसफाई. मॅडमनी हा नियम इंग्रजीत लिहून घेतला आणि मला वाचून दाखवला. इंग्रजीत तो फारच भारदस्त वाटला. मी घरी गेलो तो ताठ मानेने गेलो, आणि बायकोने विचारलं, "मान आखडली का?"

सरांना हे पटेना. ते माणूस वाईट नव्हते, पण खुर्चीचा ताठा होता. "आता अटेंडंटच्या आकड्यांवर थिसिस लिहायचा का?" असं ते माझ्यासमोरच बोलले. मॅडमनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "सर, आपण तिघंही एकच जनावर एकाच वेळी मोजू." बसलो तिघं. अर्ध्या तासाने माझा आणि मॅडमचा आकडा जवळजवळ एकच निघाला. सरांचा बराच कमी निघाला. मधे एक शिपाई सही घ्यायला आला होता, आणि सरांनी चष्माही पुसला होता.  दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी लाकडी स्टूल आलं, पाठ टेकायची सोय असलेलं. ते स्टूल मी निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही.

मला ते काम आवडत होतं आणि नव्हतंही. आवडत होतं कारण आयुष्यभर ज्या गोष्टीची लाज वाटली तिच्यातला मी त्या कॉलेजातला सगळ्यांत जाणता माणूस होतो. नव्हतं आवडत, कारण त्या जनावरांना खाज आम्ही दिली होती. थेंब मॅडम सोडायच्या, पण जनावर मी धरायचो. माझ्या तळहाताखाली त्यांचं काळीज धडधडायचं. ती आमच्याकडून शेवटी कुठे जात तेही मला माहीत होतं, ते लपवून ठेवून मी इथे साव बनत नाही. कोबीचं चांगलं पान मी त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचो. त्याने फिटत नव्हतं.

अशात पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा घासलेला, सोललेला असतो. कोमट लोण्यात हळद कालवून पळसाच्या पानाने तो चोळतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी दर वर्षी त्यासाठी अल्लीपूरला जायचो. त्या वर्षी जाता येईना, कारण शेवटचं मोजमाप नेमकं पोळ्याच्या दिवशी आलं होतं. थिसिसची सगळी भिस्त त्या मोजमापावर होती. आदल्या दिवशी सकाळी भावाने गावाकडून येणाऱ्याबरोबर लोण्याचा डबा पाठवला होता. त्याच संध्याकाळी चारा टाकायला मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेलो, तो वाटीत लोणी-हळद घेऊनच गेलो. आधी ठरवून गेलो असं म्हणणार नाही. पण वाटी हातात होती आणि पळसाचं पानही होतं, तेव्हा नकळत झालं असंही म्हणणार नाही.

मांडणीच्या वरच्या फळीवर सहा पिंजरे, खालच्या फळीवर सहा. वरून सुरुवात केली. एकेकाला मांडीवर घेतलं, मानेवरच्या त्या लाल, सुकलेल्या जागेवर पानाने लोणी चोळलं, आणि कानाशी आवतण दिलं. त्यांनी आपल्या बारीक आवाजात उत्तरही दिलं. सहावा झाला आणि वाटी सरली. खालच्या सहांना म्हटलं, बाबांनो, तुमचं राहिलं, उद्या चारा जास्त टाकीन. डोक्यात दुसरं काही आलं नाही. ज्याने मोजणीचा नियम घालून दिला, त्याला त्या संध्याकाळी मोजणी आठवली नाही. बैलाचा खांदा दिसला की आमच्या हातात लोणी येतं, डोकं मागून येतं.

सकाळी लवकर जाऊन मी ओल्या कापसाने मानेवरचा पिवळेपणा पुसून काढला, मॅडमना घाण दिसायला नको म्हणून. मग त्या आल्या, सुटीच्या दिवशीही आल्या, आणि आम्ही मोजायला बसलो. वरच्या फळीतलं पहिलं जनावर शांत. दुसरं शांत. चिंचोके डाव्या खिशातच पडून राहिले. तिसऱ्याला मला काल संध्याकाळची लोण्याची वाटी आठवली. खालच्या फळीतली सहाही नेहमीसारखी खाजवत होती. मी जे दिसलं तेच मोजलं, तेच सांगितलं. एवढं मात्र केलं. लोण्याबद्दल तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडत होती. सरांनी लिफाफा फोडला. वरच्या फळीवर औषधाचं मलम होतं, खालच्या फळीवर साधं. मलम सरांच्या कल्पनेतलं होतं. सर उठून उभे राहिले. इतकी कमी खाज त्यांनी धरलीच नव्हती. मॅडमनी पेढे आणवले, अमरावतीला वडिलांना तार केली. पहिला पेढा त्यांनी मला दिला. "भाऊ, हे तुमच्या चिंचोक्यांमुळे," त्या म्हणाल्या.  मी तो पेढा न खाता खिशात ठेवला, चिंचोक्यांच्या खिशात.

घरी बायकोला सांगितलं. ती नाचणगावची, बोलायला फटकळ. आधी पदर तोंडाला लावून हसली.

"गिनीपिगाची खांदशेकणी? उद्या त्याईच्या शिंगाले बेगड लावसान."

"हसून राह्यली तू. मॅडमचं वर्ष जाईन."

"मंग नका सांगू. कोणाले माहीत हाय?"

"मले माहीत हाय."

ती भाकर थापत राहिली. मग तव्यावरून नजर न काढता तिने विचारलं, "थे मलम पुढं लोकाईले लावतीन का?"

"तेच तर कराचं आहे."

"अन् कोन्या लेकराले लावलं, अन् खाज नाई गेली, मंग?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. ते उत्तर मी लहानपणी रोज ऐकलं होतं. थो खाजवते म्हणून बरं होत नाई. डॉक्टरांच्या पुस्तकात मलम खरं ठरलेलं असणार, आणि खोटं ठरणार ते लेकरू. कुठल्या तरी गावात कोणी तरी त्याची पत्रावळ लांबून सरकवणार. त्या मलमावर माझा हात असणार.

सकाळी मी मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो. पेढा खिशातून काढून टेबलावर ठेवला. चुरगळला होता, त्याला चिंचोक्याचं साल चिकटलं होतं.

"मॅडम, हा मी खाऊ शकत नाई. मले एक सांगाचं आहे."

सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "वरच्या सगळ्यांना?"

"सहाईले."

"आणि खाली?"

"लोणी सरलं."

 त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलाव्यात असंही वाटलं. त्यांनी मोजमापाचं रजिस्टर काढलं, शेवटच्या पानावर तिरपी रेघ मारली आणि पेन माझ्या हातात दिला. "काय झालं ते इथे तुमच्या हाताने लिहा. खाली सही करा."

मी मराठीत लिहिलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी वरच्या सहा जनावरांना मी लोणी व हळद लावली, कोणी सांगितलं नव्हतं, चूक माझी. खाली सही केली. त्या रजिस्टरात डॉक्टरांखेरीज कोणाची सही तोवर नव्हती.

सर भडकले. "याला आजच्या आज दुसरीकडे पाठवा," म्हणाले. मॅडमचा आवाज मी दाराबाहेरून ऐकला, चढलेला नव्हता. "सर, तो बोलला नसता तर आपण चुकीचं छापलं असतं. पुन्हा मोजायचं आहे, आणि मोजणार तोच." सरांनी दार आपटलं. मला काढलं मात्र नाही.

थिसिस सहा महिने मागे पडला. मॅडमबरोबरच्या मुली परीक्षेला बसल्या, ह्या बसल्या नाहीत. तार केलेल्या वडिलांना पत्राने सगळं कळवावं लागलं. मी त्यांच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होतो. एके दिवशी त्यांनीच भुशाच्या पोत्याशी गाठलं.

"भाऊ, एक विचारायचंय. खाज कमी झाली ती हळदीने की लोण्याने?"

"हळदीनं. त्यात काय विचारता?"

"कशावरून?"

 सगळे म्हणतात, यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं. "मोजू," मी म्हटलं.

त्यांचा बेत असा होता की काहींना नुसतं लोणी, काहींना हळदीचं लोणी आणि काहींना काहीच नाही. मी म्हटलं जमणार नाही. "हळद दिसन, मॅडम. अन् माह्यं मन हळदीकडून आहे. चिंचोके तिकडं झुकतीन."  बाजारात जिलेबीवाल्याच्या कढईसमोर उभा असताना मला उत्तर सापडलं. जिलेबीत घालतात तो रंग पुडीत आणला. नुसत्या लोण्यातही तो घातला, आणि तिसऱ्या गटाला रंगाचं पाणी लावलं. सगळ्यांच्या माना सारख्याच पिवळ्या. लावायचं काम मॅडमचं, त्या वेळी मी बाहेर. मोजायचं काम माझं. सर आत आले, बारा पिवळी जनावरं पाहिली, रंगाची पुडी पाहिली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसले. "ये आयडिया किसका?" त्यांनी विचारलं, आणि मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. ते बोट मला आजही दिसतं.

मोजणी झाली. हळदीचं लोणी आणि नुसतं लोणी, दोन्हीत खाज सारखीच कमी. हळदीने त्यात भर घातली नव्हती, निदान आमच्या जनावरांत तरी नाही. मला वाईट वाटलं. घरात हळदीवर एवढा विश्वास, आणि मीच तिच्याविरुद्ध चिंचोके मोजले. पण मोजले ते खरे मोजले. सरांचं मलमही नव्या जनावरांवर नव्याने तपासलं. त्याने थोडा फरक पडत होता, थोडाच. कोरड्या कातडीला ओलावा मिळाला की बरीच खाज आपोआप बसते, असं मॅडमनी मला समजावलं. लोणी हे औषध नाही, रोग त्याने जात नाही, हेही बजावलं. मी त्यानंतर आंघोळ झाल्या झाल्या कोपरांना व्हॅसलीन लावू लागलो. इसब गेला नाही, पण भेगा पडायच्या थांबल्या. बायकोने आता कोपराला हात लावला तर मी ओढून घेत नाही.

थिसिसची तोंडी परीक्षा उन्हाळ्यात झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, बोलायला खडूस. मी दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होतो. त्यांनी ते रेघ मारलेलं पान उघडलं. मॅडमनी ते थिसिसमध्ये जसंच्या तसं घातलं होतं, फक्त शेजारी इंग्रजीत अर्थ दिला होता.

"हे कोणाचं अक्षर?"

"माह्यं, साहेब."

त्यांनी मला आत बोलावलं. सर खुर्चीत चुळबुळले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या एका वाकड्या उत्तराने त्यांचं दुसरंही वर्ष जाऊ शकत होतं.

"हे सगळे आकडे तुझे?"

"मॅडमचेही हायेत. बहुतेक माहे."

"गिनीपिग अंग साफ करतंय की खाजवतंय, तुला कसं कळतं? तू काय डॉक्टर आहेस?"

मी ग्लास खाली ठेवले. शर्टाची बाही वर केली आणि कोपर त्यांच्यासमोर धरलं, उजेडात, मॅडमनी पहिल्यांदा धरलं होतं तसं.

"साहेब, अंग साफ करणारं जनावर इकडंतिकडं पाहते. खाजवणारं जनावर कुठंच पाहत नाई."

परीक्षकांनी कोपर पाहिलं. मग माझा चेहरा पाहिला. मग त्यांनी चष्मा काढला आणि सरांना म्हणाले, "या मुलीला मी आणखी काय विचारू?" मॅडम पास झाल्या. बाही खाली न करताच मी पाण्याचे ग्लास उचलले. त्या दिवशी मी कॉलेजच्या मोठ्या दारातून बाहेर पडलो, मागच्या नाही.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी अल्लीपूरची बस धरायच्या घाईत पिंजरे आवरत होतो. मॅडम आत आल्या. हातात वाटी, वाटीत लोणी-हळद, आणि पळसाचं पान. मी म्हटलं, "मॅडम, आता नका करू असं, नवीन प्रयोग चालू हाय."

"जनावरांसाठी नाही आणलं. बाही वर करा."

"मी काय बैल हाओ का?"

"बारा महिने राबता तर."

त्यांनी कोपराच्या आत, जिथे कातडी अजून जाडच होती, तिथे पानाने लोणी चोळलं, दोन्ही हातांना. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. घरी आई आलीय. सरही येणार आहेत."  बस चुकली.

दुसऱ्या दिवशी बायकोने इस्त्री केलेला शर्ट दिला, पूर्ण बाह्यांचा. मी तो परत देऊन अर्ध्या बाह्यांचा घातला. मॅडमच्या क्वार्टरमध्ये जमिनीवरच पंगत होती, पत्रावळी मांडलेल्या. मी सवयीने टोकाला, थोडी जागा सोडून बसलो. सरांनी मान वर केली, "इकडे या," म्हणाले, आणि स्वतःच्या शेजारची पत्रावळ हाताने थोपटली. मी मधोमध बसलो, सरांच्या मांडीला मांडी लावून, दुसऱ्या बाजूला मॅडम. त्यांची आई वाढायला आली. पुरणपोळी उलथन्याने टाकली नाही, हाताने ठेवली, आणि ठेवताना तिची बोटं माझ्या कोपराला लागली. मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. तिने तो पदराला पुसला नाही, त्याच हाताने तूप वाढलं आणि पुढे सरांना वाढायला गेली.